दुसरा कंस

प्रभाकर दांडेकरांना चुका शोधण्याचं व्यसन होतं. अट एकच, चूक दुसऱ्याची असायला हवी. बँकेच्या संगणक विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ डोंबिवलीत रामनगरला तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि आंघोळ-चहा उरकला की सात ते अकरा, रविवार धरून, जगभरातल्या माणसांचा पाणउतारा करायचा. ब्राझीलपासून पोलंडपर्यंतचे लोक मुकाट्याने त्यांची बोलणी खात, कारण त्यांना ‘पदच्छेद’ हवा असायचा.

पदच्छेद हा प्रभाकररावांनी बारा वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम. डेटाबेसला आपण लेखी हुकूम देतो, की अमुक टेबल बनव, त्यात अमुक कॉलम ठेव. एसक्यूएल नावाच्या भाषेतले ते हुकूम वाचून त्यांचे तुकडे पाडायचे, हे त्याचं काम. संस्कृतच्या तासाला श्लोक फोडायचे तसंच, म्हणून हे नाव. प्रोग्रॅम ओपन सोर्स होता. म्हणजे कोणीही तो फुकट घ्यावा, कोणीही सुधारणा पाठवावी, आणि ती आत घ्यायची की नाही हे प्रभाकररावांनी ठरवावं. यातला शेवटचा भाग त्यांना सर्वांत प्रिय होता.

पाच वर्षं लोक त्यांच्यामागे एकाच गोष्टीसाठी लागले होते, की पदच्छेदला ॲरे वाचता येऊ द्या. ॲरे म्हणजे यादी. एका ग्राहकाचे चार फोन नंबर एकाच खान्यात ठेवायचे असतील, तर कॉलमच्या प्रकारापुढे चौकोनी कंसांची एक रिकामी जोडी काढतात. यादीत पुन्हा याद्या असतील, तर दोन जोड्या. प्रकरण एवढंच, पण प्रभाकरराव ज्या काळात शिकले त्या काळी एका खान्यात एकच गोष्ट ठेवायची असा दंडक होता. जे लोक याद्या ठेवतात त्यांना टेबल बनवण्याची अक्कल नाही आणि अक्कल नसलेल्यांची सोय करायला आपण बसलेलो नाही, असं त्यांनी त्या मागणीखाली लिहून ठेवलं होतं. पाच वर्षांत त्यात त्यांनी एका शब्दाचा बदल केला नव्हता.

जूनमध्ये अक्षदा भोईर नावाच्या मुलीने ते काम करून पाठवलं. वय सव्वीस, घर खडवलीला, नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत, आणि तीही अजून कायम न झालेली. ही कंपनी लोकांचा डेटा एका डेटाबेसमधून दुसऱ्यात हलवून द्यायची आणि त्यासाठी पदच्छेद वापरायची. प्रभाकररावांनी तिच्या कामाचा अडीच महिने कीस काढला. हे नाव बदला. बदललेलं नाव का बदललं ते सांगा. इथली रिकामी ओळ काढा, तिथे घाला. अशा चौदा फेऱ्या झाल्या. मुलगी प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करून हजर. खरं सांगायचं तर काम चोख होतं, आणि त्यांना राग त्याचाच होता. खोट काढायला काही उरलंच नाही, तेव्हा एकोणीस ऑगस्टला त्यांनी ‘ठीक’ असा एक शब्द लिहून ते आत घेतलं. ऑक्टोबरात नवीन आवृत्ती निघाली.

नोव्हेंबरात भिवंडीच्या एका गोदामवाल्याचा डेटा हलवताना घोळ झाला. त्याच्याकडे प्रत्येक मांडणीवर खण आणि प्रत्येक खणात पेट्या, म्हणजे यादीत यादी, कंसाच्या दोन जोड्या. पदच्छेदने एक जोडी वाचली, दुसरी सोडून दिली. गोदाम दोन दिवस ठप्प झालं. ट्रक दारात उभे, आणि कुठली पेटी कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही.

चुकीची तक्रार आली तशी प्रभाकररावांची कळी खुलली. पाच वर्षं ते म्हणत होते तेच झालं होतं. तासाभरात त्यांनी ॲरेची सगळी फाइल उचलून बाहेर टाकली आणि खाली लिहिलं, की अर्धवट समज आणि न तपासलेला कोड यांचा हा उत्तम नमुना आहे, कुमारी भोईर यांनी आधी शिकावं आणि मग इतरांच्या प्रकल्पात लुडबुड करावी. मग त्यांनी चर्चेला कुलूप लावलं, म्हणजे खाली कोणाला उत्तर देता येऊ नये. अक्षदाने मेल केला. त्यांनी तो न वाचता ‘विषय संपला आहे’ असं कळवलं. तिने नवी तक्रार उघडली. त्यांनी ती एका मिनिटात ‘जुनीच’ असा शिक्का मारून बंद केली.

यानंतरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी नऊ वाजता दांडेकरांची बेल वाजली. प्रभाकररावांच्या बायकोने, हेमाताईंनी दार उघडलं. दारात एक सडपातळ मुलगी, खांद्याला लॅपटॉपची बॅग. तिच्यामागे पांढरा सदरा-लेंगा घातलेला, उन्हाने रापलेला माणूस.

“दांडेकर सर आहेत का? मी अक्षदा भोईर. हे माझे बाबा.”

प्रभाकरराव आतून ऐकत होते. नाव ऐकल्यावर ते उठले नाहीत. त्यांनी नुसती खुर्ची फिरवली.

“पत्ता कुठून मिळाला?”

“पदच्छेदच्या पानावर आहे. देणग्यांसाठी तुम्हीच टाकलेला.”

हेमाताईंनी दोघांना बसवलं आणि पाण्याचे पेले आणले. अक्षदाच्या वडिलांनी, गुणाजींनी पेल्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

“पानी नको, बाई. आदी पोरीचं काम. मंग पानी.”

हेमाताईंचा हात ट्रेसकट तिथेच थांबला. लग्न होऊन या घरात आल्याला पस्तीस वर्षं झाली होती, आणि दारी आलेल्या माणसाने पाणी नाकारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी ट्रे टीपॉयवर ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात बरंच काही होतं, पण प्रभाकररावांना बायकोचं पाहणं वाचायची सवय नव्हती.

“काय काम आहे?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही माझ्याबद्दल जे लिहिलंय ते मागे घ्या,” अक्षदा म्हणाली. “उद्या माझ्या कन्फर्मेशनचा निर्णय आहे. आमचे सलिल सर म्हणतात, तो माणूस बारा वर्षं हे चालवतोय, तू आलीस काल. त्यांनी लिहून दिलं की चूक तुझी नव्हती, तर ठेवतो. नाहीतर उद्या पत्र घे आणि नीघ.”

“मग घ्या पत्र. मी खोटं लिहून देणार नाही.”

“खोटं नकोच आहे मला. चूक माझी नव्हती.”

“सगळे असंच म्हणतात.”

गुणाजी मध्ये बोलले. आवाज चढवला नाही, पण शब्द जपूनही वापरले नाहीत. “साहेब, मना यातलं काय कलत नाय. आमची भेंडीची शेती. पन पोर रोज पाचला उठते, गाडी पकडते, रातचं येऊन परत तुमचंच काम करत बसते, फुकट. मी बोललो, कोन हाय तो? ती बोलली, मोठा मानूस हाय, शिकायला मिलतंय. आनि तुमी तिला जगासमोर अडानी बोललात. आमच्या गावात कोनी असं बोललं असतं, तर मी त्याला दाखवलं असतं.”

“बाबा, तुम्ही थांबा,” अक्षदा म्हणाली, आणि प्रभाकररावांकडे वळली. “सर, चूक कोणाची ते तुम्हीच शोधा. तुमच्याच मशीनवर. मी हात लावणार नाही.”

प्रभाकररावांना हसू आलं. चूक शोधायला त्यांना कोणी बोलावलं आणि ते गेले नाहीत असं कधी झालं नव्हतं.

“बरं. अर्धं-अर्धं करत जाऊ. माहीत आहे का ती पद्धत?”

“माहीत आहे.”

तरी त्यांनी समजावलंच. प्रोग्रॅममध्ये झालेला प्रत्येक बदल तारखेनिशी जपलेला असतो. एक टोक बरोबरचं द्यायचं, एक चुकीचं. यंत्र मधला बदल काढून देतं, तो तपासायचा, चूक दिसली तर त्याआधीचा अर्धा भाग धरायचा, नाही तर नंतरचा. चौसष्ट बदल असले तरी सहा प्रश्नांत गुन्हेगार सापडतो. बोलताना त्यांचा स्वर शिकवणाऱ्याचा झाला, आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते त्यांना कळलं नाही.

“चुकीचं टोक म्हणजे ऑक्टोबरची आवृत्ती. बरोबरचं कुठलं देतेस?”

“माझा बदल द्या. एकोणीस ऑगस्टचा.”

“तो चूकच निघणार आहे.”

“मग निघू दे.”

त्यांनी दोन जोड्या कंसांचा एक कॉलम असलेलं टेबल लिहिलं आणि एकोणीस ऑगस्टच्या पदच्छेदला वाचायला दिलं. उत्तर आलं, दोन जोड्या. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा दिलं. पुन्हा दोन.

“म्हणजे नंतर कोणीतरी घाण केली,” ते म्हणाले. चूक सापडणार या आनंदात ती कोणाची हा तपशील त्यांना दुय्यम वाटत होता. “तो पोलंडचा असणार. सप्टेंबरात त्याने फार खुडबुड केली होती. मी तेव्हाच म्हटलं होतं.”

अक्षदा खिडकीपाशी उभी होती, हाताची घडी घालून.

पहिला प्रश्न, सप्टेंबरच्या मधला बदल. एक जोडी आली, म्हणजे चूक. दुसरा, सप्टेंबरची सुरुवात. चूक. म्हणजे पोलंडवाला सुटला. “मग ब्राझीलची ती बाई,” प्रभाकरराव म्हणाले. तिसरा, ऑगस्टचा शेवट. चूक. ब्राझीलची बाईही सुटली. चौथ्याला त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही. पाचव्याला त्यांचा हात कळफलकावर जरा रेंगाळला. सहाव्याला पडद्यावर गुन्हेगाराची ओळ आली. एकोणीस ऑगस्ट, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. शीर्षक, ‘किरकोळ साफसफाई’. लेखक, प्रभाकर दांडेकर.

हेमाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. नवऱ्याची मान त्यांना मागून दिसत होती, आणि ती मान लाल झाली होती.

आता त्यांना सगळं आठवलं. त्या संध्याकाळी तिचं काम आत घेतल्यावर त्यांना चैन पडेना. तिने लिहिलं होतं, जोपर्यंत कंस येताहेत तोपर्यंत वाचत राहा. शहाण्या माणसाच्या टेबलात कंसाची एकच जोडी असणार, मग जोपर्यंत कशाला? त्यांनी तिथे लिहिलं, कंस असेल तर वाच. तीन ओळी कमी झाल्या. उरलेली दुसरी जोडी पदच्छेद मुकाट्याने सोडून द्यायचा, कारण कॉलमच्या शेवटी ओळखू न येणारं काही उरलं तर ते सोडून द्यायचं हा नियमही त्यांचाच. मग टेस्ट चालवल्या. टेस्ट म्हणजे ठरलेले प्रश्न आणि त्यांची ठरलेली उत्तरं. तीनशे बारापैकी एक लाल झाली, म्हणजे नापास. त्यांना वाटलं, साफसफाईने कुठेतरी मोकळी जागा हलली असेल, नेहमीच होतं तसं. अशा वेळी ते एक आज्ञा द्यायचे, आणि पदच्छेद आत्ता जे उत्तर देतोय तेच सगळ्या टेस्टमध्ये ‘बरोबर उत्तर’ म्हणून नव्याने छापलं जायचं. मग सगळं हिरवं. ती आज्ञा त्यांनी दिली होती, आणि जेवायला गेले होते.

“तुला हे माहीत होतं,” ते म्हणाले.

“तीन आठवड्यांपासून. मेलमध्ये लिहिलेलं. नव्या तक्रारीत पण लिहिलेलं.”

“मग इतका तमाशा कशाला? सरळ सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?”

त्यांनी दुसरीकडे तोंड वळवलं. “तुझी टेस्ट नीट असती तर हे तेव्हाच पकडलं गेलं असतं.”

“पकडलेलं ना सर. लाल झाली ती माझीच टेस्ट. दोन कंसांची. तुम्ही तिचं उत्तर बदललंत.”

“अहो,” हेमाताई म्हणाल्या, “लिहून द्या तिला.”

प्रभाकररावांनी लिहायला घेतलं. लिहिलं, ‘काही कारणाने एक त्रुटी राहून गेली होती.’ अक्षदा वाकून वाचत होती. “कोणाची त्रुटी?” त्यांनी लिहिलं, ‘आमच्याकडून.’ “आमच्याकडून म्हणजे कोण कोण?” त्यांनी ते खोडलं. ‘नजरचुकीने’ लिहिलं. “नजर गेलीच नव्हती तिकडे, तर नजरचूक कसली,” ती म्हणाली. आयुष्यात प्रभाकररावांचा इतका अपमान कोणी केला नव्हता, आणि तो करणारी भेंडीवाल्याची पोर त्यांच्याच घरात, त्यांच्याच खुर्चीमागे उभी होती. तिला हाकलून द्यावं असं त्यांना मनापासून वाटलं. पण पडद्यावरची ओळ तिथेच होती, आणि दारात बायको.

शेवटी तीन वाक्यं ठरली. एक, यादीतली यादी वाचताना झालेली चूक माझ्या एकोणीस ऑगस्टच्या बदलामुळे झाली, आणि पुढे त्या बदलाचा नंबर. दोन, त्या चुकीमुळे अक्षदा भोईर यांची टेस्ट नापास झाली होती, ती मी तिचं उत्तर बदलून पास करून घेतली. तीन, त्यांचा कोड बरोबर होता, मी त्यांच्याबद्दल लिहिलेलं खोटं होतं, ते मी मागे घेतो.

“हेच टाका,” अक्षदा म्हणाली. “आज टाका. सलिल सर सकाळी बघणार आहेत. माझा फोन नंबर या कागदावर लिहून ठेवते.”

“इंग्रजी नीट करून टाकतो. संध्याकाळपर्यंत.”

तिने लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवली. कोणावर विश्वास ठेवण्यासारखी सकाळ ती नव्हती, पण बाराची कसारा गाडी गाठायची तर कल्याणला पोचायला हवं होतं, आणि गुणाजी उठून उभे राहिले होते. जाताना त्यांनी हेमाताईंना नमस्कार केला. प्रभाकररावांना केला नाही. पेले तसेच भरलेले राहिले.

दुपारी झोप लागली नाही. चार वाजता प्रभाकरराव मशीनपुढे बसले आणि ती तीन वाक्यं वाचली. उघडीवाघडी वाटली ती त्यांना. बारा वर्षांच्या कामाला हे शोभतं का? चूक कबूल करायला त्यांची ना नव्हती, आता तर मुळीच नव्हती, पण कबूल करण्याचीही एक रीत असते. त्यांनी वर एक वाक्य घातलं, की प्रकल्पाचा प्रमुख या नात्याने अंतिम जबाबदारी सर्वस्वी माझी आहे असं मी मानतो. मग दुसरं, की अक्षदा आज आपल्या शेतकरी वडिलांसह मुद्दाम माझ्या घरी येऊन भेटली, आणि तिची तळमळ पाहून मला हे लिहिणं आवश्यक वाटलं. टेस्टचं उत्तर बदलल्याचं वाक्य त्यांनी काढून टाकलं. नंबर दिला आहेच, ज्याला बघायचं तो बघेल, लोकांना एवढा तपशील कशाला. ‘खोटं होतं’ या जागी त्यांनी लिहिलं, की ती होतकरू मुलगी आहे, तिला कोणी दोष देऊ नये. मजकूर आता कसा गोळीबंद झाला. त्यांनी कुलूप काढलं, मजकूर टाकला आणि हात धुतले.

“ती म्हणाली तेच लिहिलंत ना?” हेमाताईंनी विचारलं.

“त्याहून चांगलं लिहिलं.”

सोमवारी सकाळी सात वाजता त्यांनी पान उघडलं, तर खाली पसंतीच्या अंगठ्यांची रांग लागली होती. पोलंडवाल्याने लिहिलं होतं, इतक्या वरच्या माणसाने एका नवशिक्या मुलीसाठी असं पुढे यावं हे दुर्मीळ आहे. ब्राझीलच्या बाईने लिहिलं होतं, मी तुमच्यावर तीन वर्षं चिडून होते, आज तुमचं मन पाहिलं. कोणी म्हणालं, नेता असावा तर असा. प्रभाकरराव वाचत गेले. त्यांच्या छातीत काहीतरी ऊबदार पसरलं. खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटलं. फार बरं वाटलं. अकरा वाजेपर्यंत त्यांनी एकाही माणसाचा पाणउतारा केला नाही.

साडेअकराला फोन आला.

“सर, मी सलिल. अक्षदा ज्या कंपनीत आहे तिथला टीम लीड. ठाण्यात तुमचं एक लेक्चर ऐकलेलं मी, कॉलेजात असताना. तुमचं कालचं वाचलं. सगळ्या टीमला वाचून दाखवलं, की बघा, मोठा माणूस कसा असतो.”

“मोठेपणा कसला. चूक माझीच होती.”

“हो सर. हे असं म्हणायलाच जिगर लागते.”

“नाही, पण खरोखरच माझी होती. मुलीचं काय ठरलं?”

“दिलं पत्र सकाळी.”

“कसलं पत्र?”

“रिलीव्ह केलं सर तिला. तुम्ही सांभाळून घेतलंत तिला, ते मी समजू शकतो. वडील घरी येऊन बसल्यावर कोण नाही म्हणेल. पण असं घरी जाऊन, प्रेशर टाकून लिहून आणायचं, हे मला पटलं नाही. कामात चूक एक वेळ चालते.”

प्रभाकररावांनी टेबलाची कड धरली. “कोणी प्रेशर टाकलं नाही. मी नंबर दिलाय बघा, एकोणीस ऑगस्टचा. तो बदल माझा आहे.”

“पाहिला ना सर. छोटीशी साफसफाई आहे. त्यानंतर सगळ्या टेस्ट पास आहेत, तीनशे बाराच्या तीनशे बारा. तुमच्या बदलाने काही बिघडलं असतं तर एक तरी लाल झाली असती की.”

“झाली होती. मी तिचं उत्तर बदललं. मी, माझ्या हाताने.”

पलीकडे सलिल हसला, आदराने. “सर, आता तुम्ही फारच तिच्यासाठी करताय. तसं असतं तर काल लिहिलंच असतंत ना तुम्ही.”

प्रभाकरराव ओरडले. ते खरं आहे, मी खोटारडा आहे, तिची टेस्ट बरोबर होती, असं सगळं ओरडले. बारा वर्षांत त्यांनी ज्याला जे सांगितलं ते लोकांनी निमूट मानलं होतं, आणि आज खरं सांगत होते तर समोरचा ‘हो सर, हो सर’ करून त्यांना शांत करत होता. तब्येत जपा म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्यांनी टेस्टचं काढलेलं वाक्य पुन्हा घातलं, ‘होतकरू मुलगी’ खोडून ‘खोटं होतं’ परत लिहिलं. वरची दोन वाक्यं काढली. पान आता तसंच झालं जसं रविवारी सकाळी ठरलं होतं. दहा मिनिटांत खाली कोणीतरी लिहिलं, की बघा, स्वतःकडे आणखी किती दोष घेताहेत, अशा माणसाला सलाम.

मग त्यांनी कागदावरचा तो नंबर लावला. तिने लगेच उचलला. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

“अक्षदा, मी दांडेकर. कुठे आहेस?”

“ऑफिसबाहेर. लॅपटॉप जमा केला आत्ताच.”

“मी बदललंय ते. आपलं ठरलं होतं तसंच केलंय आता. सलिलला दाखव. मी स्वतः येतो तिथे, त्याच्यासमोर सांगतो.”

“नका येऊ सर.”

“का?”

“तुम्ही इतक्या लांब आलात म्हणून अजून मोठे व्हाल.” तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर त्यांना सोपं गेलं असतं. “बाबांचा फोन आलेला मगाशी. विचारत होते, त्या मानसाने लिवलं का. मी म्हटलं, लिहिलं.”

“आणि नोकरीचं सांगितलंस?”

“ते घरी जाऊन सांगेन.”

तिने फोन ठेवला. हेमाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि त्या आत निघून गेल्या. प्रभाकररावांनी पान पुन्हा उघडलं. अंगठे दोनशे सतरा झाले होते. लोकांनी दिलेले अंगठे आपल्याकडून काढून टाकायची सोय त्या पानावर कुठे आहे, हे ते बराच वेळ शोधत राहिले. तशी सोय नव्हती.